आधी वासे फिरतात

८ डिसेंबर २०२४च्या पहाटे सीरियाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद राजधानी दमास्कस सोडून पळाले आणि पन्नासहून अधिक वर्षं चाललेली एका घराण्याची सत्ता संपली. बंडखोर अलेप्पोच्या दिशेने निघाले होते २७ नोव्हेंबरला. म्हणजे तेरा वर्षं न सुटलेला यादवीचा गुंता पुरते दोन आठवडे व्हायच्या आत सुटला. लगोलग चर्चेत दोन तट पडले. एकाचं म्हणणं असं, की हे सगळं तुर्कस्तानने घडवलं. असद यांचा पाठीराखा रशिया युक्रेनमध्ये अडकला होता, त्यांना साथ देणारी लेबनॉनची सशस्त्र संघटना हिजबुल्ला इस्राएलच्या माऱ्याने खिळखिळी झाली होती, बाकी सगळा देखावा. दुसऱ्याचं म्हणणं, जुलमी राजवट कितीही टिकली तरी शेवटी जनताच जिंकते. पहिला तट स्वतःला व्यवहारी समजतो, दुसरा नीतिमान. सुदानची बातमी आली, म्यानमारची आली, की हे दोन तट पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसतात. एक ड्रोन मोजतो, दुसरा अत्याचार.

मला दोन्ही हिशेब कच्चे वाटतात, आणि ते एकाच जागी कच्चे आहेत. दोघंही धरून चालतात की बाजू ठरलेल्या आहेत: इकडचे इतके, तिकडचे तितके, आता फक्त झुंज व्हायची. दोन देशांच्या युद्धात हे बऱ्यापैकी खरं असतं. १९१६ साली फ्रेंच शिपायाने कंटाळून उद्यापासून जर्मन शिपाई व्हायचं ठरवलं, असं होत नव्हतं. यादवीत मात्र ही भिंतच नसते. देश तोच, पुष्कळदा भाषाही तीच, आणि पलीकडच्या छावणीत आपला चुलतभाऊ असतो. शिपाई बाजू बदलतो, गाव बदलतं, किल्लेदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन पलीकडे जातो आणि जाताना तोफाही नेतो. म्हणून पहिल्या दिवशीची मोजदाद यादवीत फारशी कामाची नसते. यादवी जिंकते ती बाजू, जिच्याकडे माणसं सरकत राहतात आणि जिची स्वतःची माणसं सुटत नाहीत. ही माणसं तत्त्वासाठी क्वचित सरकतात. पगार वेळेवर होईल का, कसत असलेली जमीन राहील का, शरण गेलो तर जीव वाचेल का, आणि आज मिळालेला शब्द पुढच्या वर्षी पाळायला हे लोक असतील का, एवढं बघून सरकतात. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्यावरचे आक्षेप भक्कम आहेत.

सगळ्यात भक्कम आक्षेप ‘बळी तो कान पिळी’चा. त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे अमेरिकेची यादवी: देशातून फुटून निघालेली दक्षिण आणि तिला रोखणारी उत्तर. १८६१ साली उत्तरेकडे सुमारे सव्वादोन कोटी लोक होते, दक्षिणेकडे ९० लाख, आणि त्यातही ३५ लाख गुलाम. रेल्वेमार्ग उत्तरेकडे दुपटीहून जास्त, कारखाने बहुतेक सगळे उत्तरेत, आरमार उत्तरेचं. एप्रिल १८६५ मध्ये शरणागती पत्करल्यावर दक्षिणेचे जनरल ली यांनी सैन्याला जो निरोप दिला, त्यात प्रचंड संख्या आणि साधनसामग्री यांच्यापुढे आपण नमलो, असंच म्हटलं होतं. पुढच्या पिढ्यांनी ते वाक्य उराशी धरलं, आणि का धरणार नाहीत? शौर्यात कमी पडलो नाही, फक्त संख्येत पडलो, हा पराभूतांना किती सोयीचा खुलासा आहे!

आकडे खरे आहेत, आणि उत्तरेचं पारडं जड होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दक्षिणेला उत्तर जिंकायची नव्हतीच. उत्तरेला कंटाळा येईपर्यंत टिकायचं, एवढंच तिचं काम होतं आणि ते जमण्याच्या बेतात होतं. २३ ऑगस्ट १८६४ रोजी उत्तरेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कागदावर लिहिलं की आपण ही निवडणूक बहुधा हरणार; कागद दुमडला आणि मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या सह्या पाठीमागे घेतल्या. दुपटीहून अधिक माणसं, सगळे कारखाने, आणि राष्ट्राध्यक्षाची ही मनःस्थिती. दहा दिवसांनी दक्षिणेतलं अटलांटा शहर पडलं म्हणून चित्र पालटलं. दुसरी गोष्ट त्या ९० लाखांची. त्यातले ३५ लाख खरोखर दक्षिणेचे होते का? मे १८६१ मध्ये, पहिली मोठी लढाई व्हायच्याही आधी, व्हर्जिनियातले तीन गुलाम रात्री होडीने उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर पोचले. त्यांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलं होतं. मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला आणि पळालेले गुलाम परत करण्याच्या कायद्यावर बोट ठेवलं. किल्ल्यावरचे जनरल बटलर पेशाने वकील. ते म्हणाले, व्हर्जिनिया आता परदेश असल्याचं तुम्हीच सांगता, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? शत्रूचा युद्धोपयोगी माल म्हणून त्यांनी तिघांना ठेवून घेतलं. त्या फटीतून पुढे माणसांचा लोंढा लागला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या लष्करात भरती झाले, त्यातले बहुतेक गुलामीच्या राज्यांतले. दक्षिण ज्या माणसांच्या कष्टावर उभी होती, तीच माणसं बंदूक घेऊन समोर उभी राहिली. हा बदल पहिल्या दिवशीच्या कोणत्या कोष्टकात बसतो?

गोरे शेतकरी तरी किती घट्ट राहिले? १८६२ साली दक्षिणेने सक्तीची भरती आणली आणि त्याच वर्षी वीस किंवा त्याहून जास्त गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला सूट दिली. युद्ध श्रीमंतांचं आणि लढायचं गरिबांनी, ही बोली तेव्हा घरोघरी गेली. खर्च भागवायला कर बसवण्याऐवजी नोटा छापल्या. एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, दुकानं फुटली आणि त्यांना पांगवायला खुद्द दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना यावं लागलं. घरून पत्र यायचं की मुलं उपाशी आहेत. ते वाचून जो शिपाई रात्री छावणीतून निघून गेला, त्याच्या शौर्यात कमतरता नव्हती. त्याचा आपल्या सरकारवरचा भरवसा उडाला होता.

बळाचं गणित पुरेसं असतं तर चीनमध्ये राष्ट्रवादी सरकारचे प्रमुख चँग कै-शेक यांना कुणी हरवू शकलं नसतं. १९४६ साली त्यांच्याकडे ४० लाखांहून जास्त सैन्य, कम्युनिस्टांकडे जेमतेम १२-१३ लाख. विमानं फक्त त्यांच्याकडे, मोठी शहरं त्यांच्याकडे, अमेरिकेची मदत त्यांच्याकडे. तीन वर्षांत सगळं गेलं. मांचुरियात उत्तम पलटणी अडकवल्या, सेनापती एकमेकांच्या मदतीला गेले नाहीत, ही कारणं लष्करी इतिहासात मिळतात आणि ती बरोबरही आहेत. मला त्याहून बोलका वाटतो १९ ऑगस्ट १९४८चा हुकूम. जुनं चलन कचरा झालं होतं, म्हणून सरकारने ‘सुवर्ण युआन’ काढला. ३० लाख जुन्या युआनांना एक नवा. सोबत सक्ती: घरातलं सोनं, चांदी, परकी चलन सरकारजमा करा आणि या नोटा घ्या. शांघायमध्ये मध्यमवर्गाने रांगा लावून अंगठ्या आणि बांगड्या दिल्या. सरकारवर विश्वास असलेला हाच वर्ग होता: शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार. साठेबाजांना पकडायची जबाबदारी चँग यांच्या मुलावर होती. त्याने काही बड्या धेंडांना खरोखर आत टाकलं. पण धाड सावत्र आईच्या भाच्याच्या कंपनीवर पडली तेव्हा सूत्रं हलली आणि प्रकरण निवलं. ऑक्टोबरात दुकानं रिकामी झाली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुलगा पायउतार झाला आणि काही महिन्यांत त्या नोटांची किंमत कागदाइतकीही उरली नाही. ज्यांनी सोनं दिलं ते कम्युनिस्ट झाले नाहीत. पण चँग यांच्यासाठी बोट उचलायलाही ते पुढे आले नाहीत. यादवीत एवढं पुरतं.

उलट बाजूला हाती आलेल्या शत्रूच्या शिपायाला विचारलं जायचं: घरी जायचंय का, मग वाटखर्च घे, राहायचंय का, मग आपली कर्मकहाणी सगळ्यांसमोर सांग. जमीनदाराने काय केलं, भरतीवाल्यांनी दोर बांधून कसं नेलं, हे रडत रडत सांगून झालं की टोपीवरचा बिल्ला बदलायचा. या सभा उत्स्फूर्त नसत, त्यांचं तंत्र पक्कं बसवलेलं होतं. भाबडेपणाने त्याकडे बघायचं कारण नाही. पण १९४८ सालच्या लाल सैन्यात कालचे चँग यांचे शिपाई फार मोठ्या संख्येने होते. चँग यांची भरती यंत्रणा शेवटी शत्रूसाठी भरती करत होती.

परक्या हाताचा मुद्दा मला याहून अवघड वाटतो, आणि तो मी पुरता खोडून काढू शकत नाही. स्पेन घ्या. जुलै १९३६ मध्ये प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँको यांचं सर्वांत कसलेलं सैन्य मोरोक्कोत अडकलं होतं, आरमाराचा मोठा भाग प्रजासत्ताकाच्या हातात होता. जर्मन आणि इटालियन विमानांनी ते सैन्य सामुद्रधुनीपलीकडून उचलून आणलं नसतं, तर बंड कदाचित काही आठवड्यांत विझलं असतं. इकडे ब्रिटन आणि फ्रान्स ‘हस्तक्षेप नको’ म्हणत हात झटकून उभे, आणि कायदेशीर सरकारला शस्त्रं मिळवायला पाचशे टनांवर सोनं मॉस्कोला धाडावं लागलं. इथे बाहेरच्या मदतीने तराजू झुकला, हे मान्य करायलाच हवं. तरी एप्रिल आणि मे १९३७ हे दोन महिने शेजारी ठेवून पाहा. एप्रिलमध्ये फ्रँको यांनी एका फर्मानाने फॅसिस्ट फलांगवादी आणि राजेशाहीवादी कार्लिस्ट या आपल्या बाजूच्या दोन गटांना एका पक्षात कोंबलं. कुरकुरणाऱ्यांना तुरुंग दाखवला. मे महिन्यात बार्सिलोनाच्या टेलिफोन इमारतीचा ताबा कुणाकडे, यावरून प्रजासत्ताकाचेच पोलीस आणि अराजकतावादी एकमेकांवर गोळ्या झाडत होते, आणि भांडण अनेक दिवस शहरभर चाललं. शेवटच्या हिवाळ्यात माद्रिदमध्ये खायला मसूरच उरली होती. लोक तिला पंतप्रधानांच्या नावाने ‘डॉक्टर नेग्रीनच्या गोळ्या’ म्हणायचे. मार्च १९३९ मध्ये शहर पडण्याआधी प्रजासत्ताकाच्याच कर्नल कसादो यांनी सरकारविरुद्ध उठाव केला आणि दोन्हीकडचे प्रजासत्ताकवादी माद्रिदच्या रस्त्यांवर एकमेकांशी लढले. जर्मन विमानांनी खूप काही केलं, पण हे त्यांनी केलं नव्हतं.

आणि परकी मदत निर्णायक असते म्हणणाऱ्यांनी अफगाणिस्तानचे दोन शेवट एकत्र पाहावेत. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा गेल्या, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यावरचे अध्यक्ष नजीबुल्ला काही महिन्यांचे पाहुणे आहेत असंच बहुतेकांनी धरलं होतं. मार्चमध्ये बंडखोर मुजाहिदीन जलालाबादवर तुटून पडले आणि आपटले. नजीबुल्ला एप्रिल १९९२ पर्यंत टिकले. मॉस्कोहून येणारा पैसा आणि इंधन ते टोळ्यांच्या म्होरक्यांमध्ये हिशेबाने वाटत होते. ओघ आटला, त्यांच्याच बाजूचे सेनानी दोस्तम फिरले आणि खेळ संपला. पुढे २०२१ साली अध्यक्ष अश्रफ घनी यांच्याकडे वीस वर्षांची अमेरिकी मदत आणि कागदावर तीन लाखांचं दल. शेवटचं अमेरिकी विमान ३० ऑगस्ट २०२१ला गेलं. काबूल त्याआधीच, १५ ऑगस्टला पडलं होतं. पाठीराखा पुरता जायच्या आधीच राज्य गेलं. कारण त्या तीन लाखांत नुसती नावंच असलेले शिपाई किती होते देव जाणे, आणि जे हाडामांसाचे होते त्यांचे पगार महिनोन्महिने थकले होते, चौक्यांवर पीठ आणि काडतुसं पोचत नव्हती. तालिबानचा निरोप गावातल्या वडीलधाऱ्यांमार्फत यायचा: शस्त्र ठेव, चिठ्ठी घे, वाटखर्च घे, घरी जा. ज्याला वरिष्ठाने वाऱ्यावर सोडलं आहे, त्याने अशा वेळी कोणती देशभक्ती दाखवायची होती? बाहेरचा पैसा उपयोगी पडतो, पण तो झिरपून शिपायाच्या खिशात जावा लागतो. मधल्या मध्ये जिरला तर तो शत्रूलाच पोसतो.

असद यांचंही तेच झालं. आघाडी २०२० पासून जवळपास गोठलेली होती. नकाशावर राजवट जिंकलेली दिसत होती. पण शिपायाच्या महिन्याच्या पगारात महिन्याचं पोट भरत नव्हतं. अलेप्पो गेल्यावर, हमा जायच्या आदल्या दिवशी, ४ डिसेंबरला असद यांनी नियमित सैनिकांचा पगार निम्म्याने वाढवल्याचं फर्मान काढलं. तोवर कोण थांबलं होतं ते फर्मान वाचायला?

आता नीतिमान तटाकडे. त्यांच्यात एक खरी गोष्ट आहे: लोकांना काय हवंय याला किंमत असते. १९१७ नंतरच्या रशियातल्या यादवीत ती सगळ्यात स्वच्छ दिसते. बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांनी, सत्तेवर येताच जमिनीचा हुकूम काढला. म्हणजे खरं तर शेतकऱ्यांनी आधीच बळकावलेल्या जमिनीवर शिक्का मारला. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या ‘श्वेत’ सेनापतींना, डेनिकिन आणि कोल्चाक यांना, तेवढं कधी म्हणता आलं नाही. डेनिकिन यांच्या फौजेमागोमाग जुने जमीनदार परत येत. ‘अखंड, अविभाज्य रशिया’ हे त्यांचं ब्रीद, म्हणून फिनलंडचं स्वातंत्र्य मान्य करायला कोल्चाक तयार नाहीत, पोलंडला शब्द द्यायला डेनिकिन तयार नाहीत. १९१९च्या शरद ऋतूत डेनिकिन ओरेलपर्यंत पोचले, मॉस्को टप्प्यात आलं, आणि नेमकं तेव्हा पोलंडचे प्रमुख पिल्सुडस्की यांनी पोलिश फौज जागच्या जागी थांबवली. लाल सैन्याला तिकडच्या पलटणी इकडे आणता आल्या. राज्याच्या अब्रूसाठी श्वेत सेनापतींनी राज्यच घालवलं, असं म्हटलं तर चुकेल का?

पण यातून ‘जनता बोल्शेविकांच्या बाजूने होती’ असा निष्कर्ष काढला तर गाडी घसरते. हेच बोल्शेविक शेतकऱ्याच्या कोठारातलं धान्य बंदुकीच्या धाकाने उचलत होते. लाल सैन्यातून पळालेल्यांची संख्या लाखांत होती. गंमत अशी की डेनिकिन जवळ आले तसे त्यातले हजारो आपणहून परत आले. लाल कमिसार, म्हणजे बोल्शेविक अधिकारी, नकोच होता, पण जमीनदार त्याहून नको होता. आणि डेनिकिन यांचा धोका टळल्यावर, १९२०च्या ऑगस्टमध्ये, तांबोव प्रांतातले तेच शेतकरी बोल्शेविकांवर उलटले. याला पाठिंबा म्हणायचं का? दोन वाईटांत कमी वाईट निवडणं हे यादवीत पाठिंब्याचं नेहमीचं रूप आहे.

कित्येकांना तर कुणीच नको असतं. इंग्लंडच्या यादवीत १६४५ साली नैर्ऋत्येकडच्या शेतकऱ्यांनी दंडुके घेऊन स्वतःची दलं उभारली, राजा आणि पार्लमेंट दोघांनाही गावाबाहेर ठेवायला. आमची गुरं लुटायला याल तर लढाई देऊ, अशा अर्थाचं त्यांच्या एका निशाणावर लिहिलेलं होतं. किती सरळ जाहीरनामा! पण ही तटस्थताही एका बाजूला कलली. पार्लमेंटने लंडनचा व्यापार आणि १६४३ पासून बसवलेला अबकारी कर यांच्या जोरावर नव्या फौजेला बऱ्यापैकी नियमित पगार दिला, म्हणून ती फौज रसदीचे पैसे मोजू शकत होती. राजाकडच्या गोरिंग यांच्या घोडदळाला पगार नव्हता, म्हणून ते लुटत होतं. लँगपोर्टला गोरिंग हरले तेव्हा पळणाऱ्या स्वारांना याच दंडुकेवाल्यांनी झोडपलं. डॉर्सेटच्या दंडुकेवाल्यांना मात्र पुढच्याच महिन्यात पार्लमेंटचे सेनानी क्रॉमवेल यांनी हॅम्बल्डन टेकडीवर घोडे घालून पांगवलं. तेव्हा पार्लमेंट फार सोज्वळ होतं असंही नाही. त्याचा पगार वेळेवर होत होता, एवढंच.

नीतिमान तटाला न आवडणारी बाब आणखी एक आहे: दहशतही चालते. चीनमधल्या चांगचुन शहराला १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी पाच महिने वेढा घातला आणि उपाशी नागरिकांना बाहेर पडू दिलं नाही. लाखाच्या वर माणसं मेली, आणि वेढा यशस्वी झाला. भीतीने माणसं हलत नाहीत असं म्हणणाऱ्याने इतिहास वाचलेला नाही. फक्त तिलाही एक अट आहे. असं केलंस तर वाचशील, तसं केलंस तर मरशील, हे कळलं तर माणूस वाचण्याच्या बाजूला सरकतो. काहीही केलं तरी मरणारच असेल, तर तो समोरच्याकडे जातो किंवा जागीच लढतो.

इथे एक चतुर आक्षेप येतो, आणि तो तार्किक दृष्ट्या सगळ्यात टोकदार आहे: तुम्ही कारण आणि परिणाम उलटे लावता आहात. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे कोण नाही म्हणतो? हरणाऱ्याला सगळेच सोडतात. त्याला सोडलं म्हणून तो हरला असं थोडंच आहे? पुष्कळदा तसं होतंही. पण वर आलेल्या तारखा पुन्हा पाहा. फोर्ट मन्रोकडे ती होडी निघाली तेव्हा दक्षिण हरत नव्हती. दोन महिन्यांनी बुल रनला तिने उत्तरेची दाणादाण उडवली. अफगाण चौक्यांचे सौदे अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या फेब्रुवारी २०२०च्या दोहा करारानंतर खेड्यापाड्यांत सुरू झाले, पहिली प्रांतिक राजधानी पडली ऑगस्ट २०२१ मध्ये. असद यांच्या सैन्याने त्या हिवाळ्यात कोणतीही मोठी लढाई हरण्यापूर्वीच लढायचं सोडलं होतं. या तिन्ही ठिकाणी आधी वासे फिरले, घराला ते नंतर कळलं.

मराठ्यांच्या स्वतःच्या यादवीत तर हे दिवसाढवळ्या दिसतं. १७०७ साली औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांच्याकडे होतं काय? हक्क आणि मूठभर माणसं. राज्य, किल्ले, सेनापती सगळं ताराबाईंकडे, आणि सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिल्याचं तेजही त्यांचंच. आलेला माणूस तोतया आहे असं त्यांनी जाहीर केलं, सरदारांकडून शपथा घेतल्या आणि धनाजी जाधवांना चालून जायला सांगितलं. खेडला लढाई उभी राहिली, पण धनाजी शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. गोष्ट इथे संपती तर ती नुसती फितुरीची झाली असती. धनाजींच्या पश्चात त्यांचा मुलगा चंद्रसेन शाहूंना सोडून उलट गेला, तिजोरी रिकामी, फौज नाही. कान्होजी आंग्र्यांनी तर शाहूंच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं. तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी सावकारांकडून पैसा उभा करून शिबंदी धरली आणि आंग्र्यांशी लढण्याऐवजी तह केला: आरमाराची सरखेली तुमची, किल्ले तुमचे, फक्त छत्रपती शाहू माना. काल ज्याने आपला पेशवा धरला, त्याला आज मान देऊन आत घ्यायचं, याला पोट मोठं लागतं. त्याच १७१४ साली पन्हाळ्यावर ताराबाई आपल्याच घरातल्या बंडाने कैदेत पडल्या. पराक्रमात त्या तसूभरही कमी नव्हत्या. शाहूंच्या दारात आलेल्याला जागा मिळत होती, आणि पन्हाळ्याचं घर आतून दुभंगलं होतं.

हे दार लावून घेतल्यावर काय होतं ते श्रीलंकेत दिसलं. वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांच्या शिस्तीचं कौतुक शत्रूही करत. पण त्यांनी १९८६ साली ‘टेलो’सारख्या दुसऱ्या तमिळ संघटनेची माणसं मारली, १९८९ मध्ये अमृतलिंगम यांच्यासारखा संसदीय नेता मारला, आणि १९९० मध्ये उत्तरेतल्या तमिळभाषक मुसलमानांना अक्षरशः घालवून दिलं. मतभेद असलेल्या माणसाने जायचं तर फक्त पलीकडेच. मार्च २००४ मध्ये पूर्वेचा सेनापती करुणा हजारो लढवय्यांसह फुटला, आणि पूर्व किनारा, जिथून भरती होत असे, तो ढासळला. तोपर्यंत ‘या प्रश्नाला लष्करी उत्तर नाही’ हे वाक्य जगभरचे तज्ज्ञ जपासारखं म्हणत होते. मे २००९ मध्ये मुळ्ळिवायक्कालच्या किनाऱ्यावर लष्कराने ते खोटं ठरवलं, ज्या मार्गाने ठरवलं त्याचं समर्थन करणं मला शक्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने शेवटच्या टप्प्यातले नागरी मृत्यू चाळीस हजारांपर्यंत असू शकतात असं म्हटलं. जिंकणारी बाजू न्यायाची असते असं मी कुठेच म्हटलेलं नाही. अनेक यादवी तर कुणीच न जिंकता संपतात. एल साल्वादोर आणि मोझांबिक १९९२ साली तशाच थांबल्या.

म्हणून सुदानच्या बातम्या वाचताना अमिरातीचे ड्रोन किती आणि इजिप्तची मदत किती, यापेक्षा मी अबू अक्ला कैकलसारख्या माणसाकडे जास्त लक्ष देतो. एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि निमलष्करी ‘आरएसएफ’ यांच्यात युद्ध पेटलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वद मदनी शहर आरएसएफच्या हाती आलं, ते याच कैकलच्या जोरावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो लष्कराला मिळाला. आरएसएफने त्याचा सूड त्याच्या मुलखातल्या गावांवर उगवला, म्हणजे कुंपणावर बसलेल्या गावांनाही दिशा दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये वद मदनी लष्कराकडे परतलं, मार्चमध्ये खार्तूम. यादवी आता उताराला लागली असं तेव्हा बरेच जण म्हणू लागले. पण त्याच लष्कराने नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या नोटा काढल्या होत्या, आणि जुन्या बदलून मिळत होत्या त्या फक्त लष्कराच्या ताब्यातल्या प्रांतांत. पश्चिमेकडच्या, बहुतांशी आरएसएफच्या ताब्यातल्या दारफूरमधल्या माणसाला त्याच्याच सरकारने कळवलं, की तुझ्या खिशातला पैसा आमच्या हिशेबात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफूरमधलं अल-फाशेर शहर आरएसएफने घेतलं आणि शरण आलेल्यांचंही काय होतं ते जगाने पाहिलं. एका बाजूने नोट नाकारली, दुसरीने जीव. दारफूरच्या माणसाने सरकायचं तर कुणाकडे, याचं उत्तर दोघांपैकी कुणी देत नाही, तोवर ड्रोन कुणाकडे किती येतात यावरून या युद्धाचा शेवट सांगणाऱ्यांचं भाकीत मी मनावर घेणार नाही.